लॉगिन स्क्रीनवरची धाकटी

सकाळी बटण दाबलं की मशीन आधी नुसतं घरघरायचं, मग पडदा काळाचा निळा व्हायचा, आणि मग समोर धाकटी.

रोज! म्हणजे अगदी रोज.

लॉगिन स्क्रीनवर लॅबमधल्या सगळ्यांची नावं होती, एकाखाली एक, आणि प्रत्येक नावाशेजारी गोल चौकटीत फोटो. बाईंचा, म्हणजे लॅबच्या मालकिणीचा. पॉलिशवाल्या काकांचा, नाकाला मास्क आणि भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड. दादाचा, डोळे अर्धे मिटलेले, कारण फोटो काढताना तो नेहमी नको तेव्हा पापणी मिटतो. पण पडदा उजळायचा तेव्हा निवडलेलं नाव दादाच्या बहिणीचं, धाकटीचंच असायचं. आणि त्या स्क्रीनची एक खोड होती बघा, ज्याचं नाव निवडलेलं असेल त्याचा वॉलपेपर मागे अख्ख्या पडद्यावर पसरायचा. धाकटीचा वॉलपेपर म्हणजे तिनंच काढलेला फोटो, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आणि त्यातल्या एका चादरीवर फोटो काढणारीची लांबलचक सावली. हात वर केलेले, कोपरं बाहेर. म्हणजे पुढे तिचा चेहरा, मागे तिची सावली, आणि मधे पासवर्डची रिकामी चौकट. ती जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मी नाही बसणार या मशीनवर," नवी म्हणाली. ती नुकतीच कामाला लागली होती, आणि नाव विचारायच्या आधीच काकांनी तिला "ए नवी" करून टाकलं होतं, ते चिकटलंच. "दादा, मी रोज बाण खाली नेऊन माझं नाव निवडते. दुसऱ्या दिवशी परत त्या ताईच वर येऊन बसलेल्या. कशा काय?"

"अगं, तिला काय घाबरतेस," काका पॉलिशचं चाक न थांबवता ओरडले. "ती तुझ्यापेक्षा भित्री होती. पाल दिसली की टेबलावर चढून बसायची!"

"काका, पाल जिवंत असते."

चाक थांबलं. काकांनी दादाकडे बघितलं, नवीनं जीभ चावली, आणि दादा मेणाचा तुकडा खरवडत राहिला. जणू काही ऐकलंच नाही. ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं. मेण गरजेपेक्षा जास्त खरवडलं गेलं ना, त्यावरूनच कळत होतं.

त्या स्क्रीनवर कोण "वर येऊन बसतं" हे त्याला पक्कं माहीत होतं. मशीन शेवटी कोण आत शिरलं ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्याचंच नाव पुढे करतं, बस. आणि रोज संध्याकाळी, नवी घरी गेली की, धाकटीच्या नावानं आत शिरणारा तो स्वतःच होता.

आता हा दादा म्हणजे कोण, ते सांगायला हवं. तसा कुणीच नाही हो. दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, लॅबवाले त्यावरून कवळी बनवून खोक्यात घालून परत पाठवतात. पेशंटला वाटतं डॉक्टरनंच केली, डॉक्टरला वाटतं आपणच केली, आणि ज्यानं केली तो पुढच्या जबड्याला लागलेला असतो. दादा उंच, पोक काढून चालणारा, बोटांच्या पेरांत कायम प्लास्टर. आणि एक सवय, माणूस भेटला की आधी त्याच्या दातांकडे बघतो आणि मग डोळ्यांकडे, त्यामुळे त्याच्याशी बोलताना लोक आपोआप तोंडावर हात धरतात. लग्नाच्या बोलण्यातही त्यानं मुलीचे दातच बघितले म्हणे, आणि घरी येऊन आईला सांगितलं, "खालची दाढ पडायला आलीय." पुढे काय होणार! कपाळाला हात लावून बसली आई.

वडील लवकर गेले, तेव्हा कॉलेज सोडून तो इथे प्लास्टर कालवायला लागला. मग मेणात दात लावायला शिकला. सरळ, एका रेघेत, पट्टी लावून बघावं असे. बाई म्हणायच्या, "याचे दात म्हणजे शाळेच्या कवायतीतली पोरं." त्याला ते कौतुक वाटायचं. मग धाकटी मोठी झाली, कोर्स केला, आणि यानंच तिला इथे चिकटवलं. आणि तिनं येऊन सगळं उलटंपालटं केलं. मापं स्कॅन करायची, दात कॉम्प्युटरवर लावायचे आणि थ्री-डी प्रिंटरवर छापायचे. मशीन जुनं, त्याला दुसरं काही झेपेना, म्हणून तिनं त्यात विंडोज काढून लिनक्स टाकलं, फुकटातलं, आणि बाईंना म्हणाली, "बाई, आता हे मशीन अजून म्हातारं होईपर्यंत चालेल." लॉगिन स्क्रीनही तिनंच सजवली. सगळ्यांना खिडकीपाशी उभं करून फोटो काढले. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. दादाला माऊस धरायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, पेन्सिलीनं बोटांवर मारून शिकवलं.

"दादा, माऊस आहे तो! पुरी लाटल्यासारखा दाबू नकोस."

"तू जास्त शहाणी झालीस."

"झालेच मुळी."

आणि लॅबचा एक नियम होता, बाईंनी घालून दिलेला, फार जुना. ज्यानं दात केले, पेशंट त्याचा. परत आला, टोचतंय म्हणाला, नवी कवळी हवी म्हणाला, तरी काम त्याच हातानं व्हायचं. धाकटीनं हा नियम मशीनमध्येच बसवला. खोक्यावरची चिठ्ठी छापायची एक छोटी आज्ञा लिहिली तिनं. ज्याच्या खात्यातून काम छापायला जाईल त्याचं नाव चिठ्ठीवर आपोआप येणार. "म्हणजे कुणी दुसऱ्यावर ढकलायला नको," ती म्हणाली होती आणि काकांकडे बघून डोळा मारला होता.

मग ताप आला. साधाच वाटला. हॉस्पिटलच्या पायऱ्या ती स्वतःच्या पायांनी चढली, उलट दादालाच म्हणाली, "तू घरी जा ना, असा खांबासारखा उभा राहू नकोस, लोक तुला टेकतील." हे शेवटचं. म्हणजे नंतरही बोलली असेल काही, नर्सशी, पण दादाशी हे शेवटचं.

दहावं-तेरावं उरकून तो कामावर आला तेव्हा तिच्या खात्यात एक वरची कवळी अर्धवट राहिली होती. नियम नियम असतो. त्यानं तिचं नाव निवडलं. पासवर्ड त्याला माहीत होता, कारण तिनं मुद्दाम त्याला चिडवायला तो ठेवला होता, लंबूटांग. टाइप करताना दोनदा चुकला. मग आत शिरला, दात पूर्ण केले, छापायला पाठवले, आणि चिठ्ठी आली तिच्या नावाची. त्यानं ती तशीच खोक्याबरोबर पुढे दिली. दुसरं काय करणार! काम तिचंच होतं.

पुढे त्या दवाखान्यातून फोन आला. कंपाउंडर म्हणाला, "ताईंना सांगा, एकदम झकास बसलेत दात. पेशंट खूश."

आणि दादा म्हणाला, "सांगतो."

बस, एवढंच. एक शब्द. तिथे "ती गेली हो" असं म्हणायला हवं होतं ना? पण समोरचा माणूस इतका हसत बोलत होता, आणि त्याच्या लेखी ती अजून होती, कुठेतरी आतल्या खोलीत, चहा पीत. दादाला त्या माणसाकडून ती हिसकावून घेववेना. आणि पुढची मापं आली तेव्हा त्या दवाखान्यानं सांगितलं, ताईंकडेच द्या. त्यानं ताईंकडेच दिली. म्हणजे तिच्या खात्यात गेला आणि स्वतः केली. मग दुसऱ्या दवाखान्याची. मग तर कुणी न सांगताही. त्याच्या स्वतःच्या खात्यात धूळ बसली असती, खात्यांवर धूळ बसत असती तर!

घरी आई विचारायची, "आज काय केलंस?"

"धाकटीच्या पेशंटचं काम होतं."

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं, बरं वाटल्यासारखं. पण एकदा ती भांडी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, "एवढे कसे रे तिचे पेशंट? संपतच नाहीत?"

दादा हात धुवायला उठला. आईनं परत विचारलं नाही. पण त्यानंतर ती "आज काय केलंस" हेही विचारेनाशी झाली.

तर त्या सकाळी बाई बाहेर आल्या. नवीचं बोलणं काचेच्या दारातून ऐकू गेलं होतं. त्या दादाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, आवाज खाली आणला. "हे बघ, मी इतके दिवस बोलले नाही. मलाही सकाळी तो पडदा बघवत नाही रे. पण ही मुलगी पण गेली ना, तर मशीनवर बसणारं कुणी मिळणार नाही. तिचा फोटो काढ तिथून. नाहीतर खातंच उडव. पण या आठवड्यात कर."

"खातं उडवता येणार नाही, बाई. तिचे पेशंट आहेत त्यात. परत आले तर?"

"मग लपव. तुला जमेल तसं कर. पण कर."

त्यानं मान हलवली. पडद्यावरचं नाव गेलं की संध्याकाळचं ते आत शिरणंही जाणार, हे त्याला कळत होतं. आणि ते गेलं की चिठ्ठ्या थांबणार. आणि चिठ्ठ्या थांबल्या की एक दिवस कुणीतरी विचारणार, ताई कुठेयत? मग सांगावं लागणार. अख्ख्या गावात धाकटी एकदाच गेली होती, आता ती एकेका दवाखान्यात परत परत जाणार!

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा तो मशीनपाशी बसला. लॉगिन स्क्रीनच्या सेटिंगची फाइल शोधली. त्यात एक ओळ होती, लपवायच्या खात्यांची यादी. त्यानं तिथे धाकटीचं नाव लिहिलं. एकेक अक्षर. जतन केलं. मशीन बंद करून परत सुरू केलं.

घरघर. काळं. निळं.

धाकटी! तशीच हसत. मागे सावली, हात वर केलेले.

दादाच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटावी असं काहीतरी. बरं वाटलं त्याला. अक्षरशः हायसं वाटलं. लपत नाही म्हणते. मी तर लपवून बघितलं बाई, हीच लपत नाही.

"जात नाही ना?" काका मागे कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. हात धुतलेले, ओले. त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं. "एक विचारू?"

"विचारा."

"खोकी कोण बंद करतं इथे?"

दादानं कीबोर्डवरची पूड फुंकली.

"मी बंद करतो. रोज. चिठ्ठी मीच चिकटवतो." काकांनी हात पँटला पुसले. "मला वाचता येतं रे. पोरी गेल्यावर एवढी कामं करत नाहीत. तिच्या हयातीत सुद्धा तिनं एवढी केली नव्हती, निम्मा वेळ तर माझ्याशी भांडायची."

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलू? मला पण आवडायचं तिचं नाव चिकटवायला." काका उठले. "पण आता भीती वाटते. परवा चिठ्ठी चिकटवली आणि सहज आवाज दिला, ए, जरा दोरा दे गं. आणि वळून वाट बघत बसलो."

ते निघून गेले आणि लगेच चाकाचा आवाज सुरू झाला. जेवणाची सुट्टी संपली नव्हती तरी.

दादानं फाइल परत उघडली, आणि आता वरची बारीक टीप वाचली, जी आधी घाईत वाचली नव्हती. या मशीनवर खात्यांची माहिती ठेवणारी दुसरी सेवा चालू असेल तर ही यादी बघितलीच जाणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे भूत नाही, काही नाही. वाचलं नाही, एवढंच. मग ती दुसरी जागा शोधली. तिथे प्रत्येक खात्याची वेगळी छोटीशी फाइल. त्यानं धाकटीची उघडली. फोटो कुठे आहे त्याची एक ओळ. भाषा कोणती, त्याची एक. वॉलपेपरची एक. आणि शेवटी एक ओळ, सिस्टिम अकाउंट, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे 'फॉल्स'. संपली फाइल. एवढुशी! काकांच्या चिठ्ठीएवढी.

"ते ट्रू केलं की झालं." नवी होती. पाण्याची बाटली घेऊन लांबच उभी, पडद्याकडे तिरकं बघत. "आम्हाला शिकवलं होतं. सिस्टिम अकाउंट म्हटलं की लॉगिन स्क्रीन ते खातं दाखवतच नाही. प्रिंटर वगैरेची खाती असतात ना, माणसांची नसलेली, तसं समजते ती. मशीनचाच एखादा भाग."

"माणसांची नसलेली."

"म्हणजे... मशीनच्या लेखी हो."

दादाचं बोट डिलीटच्या बटणावर होतं. 'फॉल्स' पुसायचं आणि 'ट्रू' लिहायचं. कुणी बघणार नव्हतं. पण आपल्या हातानं लिहायचं, की ही माणूस नाही? कधी नव्हतीच, प्रिंटरसारखी होती? पेन्सिलीनं बोटांवर मारणारी?

"नाही," तो म्हणाला. "हे मी नाही लिहिणार."

"मी लिहू का?"

"नको!" एवढ्या जोरात ओरडला की नवीच्या हातातली बाटली हिंदकळली. आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली, म्हणून बरं.

एक आजी आत आल्या. लॅबमध्ये पेशंट कधी येत नाहीत, ते दवाखान्यात जातात, पण या आल्या होत्या, हातात लॅबचं पुठ्ठ्याचं खोकं, त्यावरच्या चिठ्ठीवरचा पत्ता शोधत शोधत. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"ही मुलगी कुठाय?" चिठ्ठीवरच्या नावावर बोट. "मला भांडायचंय तिच्याशी."

दादा पुढे झाला. "काय झालं, आजी? टोचतायत का?"

"टोचत नाहीत. छान बसलेत. तेच तर!" आजींनी तोंडातून कवळी काढून तळहातावर घेतली, आणि मग बोलणं जरा मऊ झालं, पण राग तेवढाच. "हिनं आधी केले होते ते माझे दात होते. हिरड्या बसल्या म्हणून नवे करायला दिले, तर हे बघ! बघ काय पाठवलंय! हसले की टीव्हीवर बातम्या देणारी बाई दिसते मी. नात म्हणाली, आजी, तू हसू नकोस."

दादानं कवळी हातात घेतली. ओळखली. त्यानंच केलेली. सरळ, एका रेघेत, कवायतीतली पोरं.

"पुढचा हा दात तिरका होता माझा," आजी सांगत होत्या. "लहानपणापासून. जरासा शेजारच्यावर चढलेला. त्या मुलीनं पहिल्यांदा मला फोन करून जुना फोटो मागवला होता, लग्नाच्या आधीचा. आणि अगदी तसाच तिरका दात केला. आरशात बघितलं तेव्हा रडले होते मी. आणि आता तीच मुलगी असं करते? विसरली मला?"

दादाला फाइल आठवली. लख्ख आठवली. आजींची जुनी कवळी त्यानं तिच्या खात्यात उघडली होती, पुढचा एक दात तिरका दिसला होता, आणि त्याला वाटलं होतं धाकटीची चूक राहिलीय. स्कॅन हललं असेल, घाई झाली असेल. मग मोठा भाऊ म्हणून त्यानं ती गुपचूप दुरुस्त केली होती. दात धरून सरळ ओळीत आणला होता. उलट स्वतःवर खूशही झाला होता, चला, बहिणीचं नाव राखलं.

रोज संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसून, तिच्या नावानं, तिच्या फायलींत हात घालून, त्यानं हे केलं होतं. आणखी किती तिरके दात सरळ केले असतील कुणास ठाऊक! ती अजून आहे, अजून आहे म्हणत तो तिलाच थोडीथोडी पुसत होता.

"बोलाव तिला," आजी म्हणाल्या.

"ती नाहीये."

"आज रजेवर आहे? मी उद्या येते. मला काय काम आहे घरी!"

चाक थांबलं होतं. काचेच्या दारामागे बाई उभ्या राहिल्या होत्या. नवी बाटली छातीशी धरून. दादानं कवळी टेबलावर ठेवली.

"ती गेली, आजी. माझी बहीण होती. ती गेली."

पहिल्यांदा म्हणाला तो हे. आईशीसुद्धा म्हणाला नव्हता, आईला तर सांगावं लागलंच नव्हतं. आणि आवाज किती साधा निघाला, दुकान बंद आहे असं सांगावं तसा!

आजी आता बसल्या. त्यांनी चिठ्ठीवरच्या नावावर परत बोट ठेवलं.

"मग हे नाव?"

"मी घातलं. दात मी केले. तिच्या नावानं."

"का रे?"

दादानं चिठ्ठीचं सुटलेलं टोक बोटानं दाबलं. आजींनी तो विषय सोडला, पण सोडतानाही सुनावलंच. "म्हणजे मी इतके दिवस गेलेल्या पोरीला शिव्या घालत होते? घरात, नातीसमोर! आणि ज्याला घालायच्या तो इथे मजेत उभा."

"चुकलंच, आजी."

"चुकलं काय! आता त्या शिव्या तिच्याकडून परत कशा घेऊ मी?" डोळे पुसले त्यांनी, पदराच्या टोकानं, रागारागानं. मग कवळी दादाच्या दिशेनं सरकवली. "परत नीट कर. आणि तुझं नाव घाल. बिघडवलेस तर निदान कुणाला बोलायचं ते कळेल मला."

त्या संध्याकाळी तो धाकटीच्या खात्यात गेला ते चोरून नाही. नवीला शेजारी बसवलं. आजींची पहिली फाइल उघडली आणि तो तिरका दात मोठा करून दोघांनी नुसता बघितला. किती नीट केला होता! नुसता तिरका नव्हता, टोकाला अगदी बारीकसा झिजवलेलाही होता, जसा खरा दात वर्षानुवर्षं झिजतो. नवी पुटपुटली, "बापरे, हे हातानं केलंय एकेक." त्यानं फाइलची नक्कल स्वतःच्या खात्यात घेतली आणि तिचं खातं बंद केलं.

मग लॉगिन स्क्रीनची सेटिंग परत उघडली. एका नावाला लपवायचं नव्हतं, तर सगळ्यांनाच लपवायचं. तशीही एक ओळ असते, यादी दाखवूच नको, ज्याचं त्यानं नाव टाकावं. ती लिहिली. आणि मागे साधा करडा रंग. मशीन परत सुरू केलं. फोटो नाहीत, सावली नाही. एक रिकामी चौकट आणि आत लुकलुकणारी रेघ.

"माझा फोटो बरा आला होता की रे," काका कुरकुरले. "आयुष्यात एकच बरा आला होता."

नवीनं हुश्श केलं. पण दादा उठला नाही. त्या रिकाम्या चौकटीकडे बघता बघता त्याला कळलं, आपली बोटं काय करणार आहेत ते. चेहरा दिसत नसला म्हणून काय झालं! नाव येतं, पासवर्ड येतो. उद्या नाही, परवा. परवा नाही, तर ज्या दिवशी जीव फार तुटेल त्या दिवशी. आणि मग परत एखाद्या आजींचा दात सरळ होईल.

त्यानं स्वतःच्या खात्यातून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघडलं आणि तिचा पासवर्ड बदलायची आज्ञा दिली. डोळे घट्ट मिटले आणि कीबोर्डवर नुसती बोटं आपटली, वाट्टेल तशी, आपल्यालाच कळू नये अशी. एंटर. मशीननं तोच पासवर्ड परत मागितला. तो परत आपटला. जुळत नाही, मशीन म्हणालं. परत केलं. जुळत नाही. स्वतःपासून लपवलेली गोष्ट दुसऱ्यांदा तशीच कशी टाकणार!

"दादा," नवी हळूच म्हणाली, "काय करताय?"

"तू टाक," तो उठून उभा राहिला. "तुला हवा तो पासवर्ड टाक. मला सांगू नकोस. कधीच सांगू नकोस, मी मागितला तरी. मशीनच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, मला फोडता येईल, पण मग फोडावं लागेल. नुसतं सहज जाता येणार नाही."

"आणि त्यांचे पेशंट आले तर?"

"तू उघडायचं. त्यांचं काम आता तुझ्याकडे."

"माझ्याकडे? मी तर त्यांना ओळखतही नाही. मी तर..." ती अडखळली. "मी घाबरते त्यांना."

"तिच्या फायली बघ. एकेक बघ. मी बघितल्या नाहीत."

नवी खुर्चीत बसली. बसताना तिनं खुर्ची जरा पुढे ओढली, दादासाठी मागे सरकवलेली होती ना. दादा पाठ करून उभा राहिला, बेसिनपाशी, जिथे फळीवर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवले होते. कीबोर्डचा आवाज सुरू झाला. हळू, विचार करत. त्याचे कान इतकी वर्षं त्या कीबोर्डजवळ राहिलेले, कुठलं बटण कसं वाजतं ते त्यांना माहीत होतं, आणि ते ऐकायला लागले, नको म्हटलं तरी. पहिलं अक्षर जवळजवळ कळलंच त्याला.

त्यानं नळ पूर्ण सोडला. पाणी बेसिनवर आदळून सगळीकडे उडायला लागलं.

"परत तोच टाकायचा ना?" नवीनं ओरडून विचारलं.

"हो, परत तोच!"

पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नाही. शर्ट भिजला, फळीवरचे खालच्या ओळीतले जबडे भिजले, काका कुठूनतरी "अरे माझं प्लास्टर!" म्हणून धावत आले आणि त्याच्याकडे बघून तिथेच थांबले.

"झालं, दादा," नवी म्हणाली. मग परत म्हणाली, जरा मोठ्यानं. "दादा, झालं."

त्याला ऐकू आलं होतं. पण नळ बंद करायला त्याचा हात उचलेना, तो शेवटी काकांनी बंद केला.